चंद्रीचा पान्हा

—न्हाय न्हाय, आत्ता तिकडं जाऊन काय उपेग न्हाय. दार लावलंय. शांभवी देवळात गेलीया, अमरेश वैरण आणाय गेलाय. धारंच्या वक्ताला येतील दोघंबी. तवर हितं बसा, सावलीला. बसा की ओ पावणं, गोठ्यात बसल्यानं काय साहेबकी कमी हुत न्हाय. ते पोतं घ्या खाली, पँटीला शेण लागंल. मी कोण? मी नीलम्मा. शांभवीची थोरली जाऊ. अमरेश माझा दीर— ती त्येची बायको, मी मल्लाप्पाची. सख्खे भाऊ दोघं. तीन दिवाळ्या झाल्या वाटणी होऊन, तवा गोठ्याच्या मधनं ही भिंत घातली. भिंत म्हंजे काय, छातीएवढी. हिकडनं तिकडचं समदं दिसतंय. पण मी बघत न्हाय. कशाला बघू? मला काय कामधंदा न्हाय व्हय?

तुम्ही त्या जनावरांच्या हापिसातनं आलासा न्हवं? बघितलं मी. गल्लीच्या तोंडाला टेंपो उभा हाय, वर गाईचं चित्र काढलंय. आता तक्रार आली म्हंजे यायलाच पायजे तुमास्नी, नोकरी हाय. कुणी दिली असंल म्हणून काय इचारता? ह्या गवळ गल्लीत जळकी माणसं काय कमी हायत? एकाच्या म्हशीनं अर्धा लिटर जास्त दिलं की दुसऱ्याच्या घरात चूल पेटत न्हाय. अन् असली तक्रार देताना नाव सांगायची गरज नसतीया, फोनवरची बाई लई गोड बोलती, म्हणती तुमचं नाव कुठं जात न्हाय मावशी— म्हंजे, असं म्हणत असंल. ऐकलंय मी. लोक सांगत्यात. ते जाऊ दे. सुईचं बघा तुम्ही, सुईचं. ती सुई कुठं ठेवती, बाटली कुठं टाकती, ते हुडका. … न्हाय, तुम्हीच म्हणालासा की आत्ता सुईचं. न्हाय म्हणालासा? मग मला वाटलं असंल. अहो, गोठ्यावर तक्रार म्हटल्यावर दुसरं काय असणार?

तुमास्नी पान्हा ठावा असंल, तुम्ही शिकलेलं. तरी सांगतो. म्हशीच्या कासेत दूध असतंय, पण ते ती देत न्हाय. ती सोडती. सोडायचं का न्हाय ते तिच्या मनावर. वाटलं तर सोडंल, न्हाय वाटलं तर वर चोरून धरंल, मग तुम्ही आदळाआपट करा, सडं वढून हाताला फोड येऊ द्यात, थेंब मिळायचा न्हाय. म्हणून आपण रेडकू पुढं बांधतो, पेंड ठेवतो, कास पाण्यानं धुतो, चोळतो, गोंजारतो. वेळ लागतोय त्येला. आणि ज्येला तेवढा वेळ न्हाय तो टोचतोय सुई. एका मिनटात धो धो. पण त्या म्हशीला रोज दोन खेपा बाळंतकळा येत्यात म्हणं. बाईमाणसाला इचारा बाळंतकळा म्हंजे काय ते. तर आता मला सांगा, शांभवी बादली घेऊन बसायच्या आधी ती चंद्री म्हैस पान्हा सोडती— बसायच्या आधी ओ!— ते कसं काय? माझी सगळी हयात कासंखाली गेली, मला कधी जमलं न्हाय. आणि हिला जमतंय? हातच्या काकणाला आरसा कशाला पायजे?

सुई टोचताना बघितली काय? आता बघितली म्हंजे— तुम्ही कोर्टातल्यागत नका इचारू बघा.

कायदा मलाबी ठावा हाय. माझ्या गिऱ्हाइकात एक वकिलीण हाय, प्रियदर्शनी म्हणून, रोज सकाळला दूध कट्ट्यावर येती, आमी म्हशी तिथं नेऊन समोर धार काढून देतो तिथं. तिला मी सहज इचारलं. सहजच. म्हटलं, ताई, जनावराला कुणी तरास दिला तर काय शिक्षा असती? तर ती म्हणाली, मावशी, कायदा एकोणीसशे साठचा. मारा, उपाशी ठेवा, उन्हात बांधा, मोडस्तोवर ओझं लादा— पहिल्या खेपेला दहा रुपयांपासनं पन्नास रुपयांपतोर दंड. मी म्हटलं चेष्टा करताय व्हय? पन्नास रुपयात हितं लिटरभर दूध येत न्हाय! म्हणती, वाढवणार वाढवणार म्हणून कवापासनं चाललंय, अजून वाढवला न्हाय. म्हंजे बघा, मुक्या जनावराचं पाठाण सोलून काढलं तर पन्नास, आणि गाडी चुकीच्या जागी लावली तर पाश्शे. ह्येला कायदा म्हणायचा? मग मी म्हटलं, ताई, जरा तिखट कलम न्हाय काय? तर हाय म्हणाली. दूध काढायला सुई टोचली तर दोन वर्षं आत. आणि जनावर काढून घेत्यात. काढून घेत्यात म्हटल्यावर मला बरं वाटलं. म्हंजे— जनावरासाठी बरं वाटलं. नायतर दुसरं काय?

चांगली कशी नसंल हो शांभवी? लई चांगली हाय. गल्लीला इचारा, गल्ली तिचीच बाजू घेणार. चंदगडची ती, बापाचं कापडाचं दुकान. लग्न होऊन आली तवा शेणाला पदर लावायची नाकाला. म्हैस हंबरली की दचकायची! पहिल्या दिवशी म्हशीनं शेपटी मारली तर रडली ओ, गुळगुळीत गाल लाल झाला. तिला मी शिकवलं. ह्या हातानं. तिची मूठ माझ्या मुठीत धरून शिकवली— अंगठा आत दुमडायचा न्हाय, सडाला गाठ येती, बोटं वरनं खाली एकामागनं एक मिटायची, नखं काढायची, हात गार असला तर आधी मांडीवर घासायचा. कोण सांगतंय हे आजकाल? जाऊ जावंला? आपली इद्या आपल्या हातानं काढून दिली आणि तिनं माझ्याच समोर दुकान मांडलं. कट्ट्यावर बघा येऊन. माझ्यापुढं चार माणसं, तिच्यापुढं रांग. माझीच गिऱ्हाइकं! लगीन झाल्यापासनं माझ्याकडनं दूध नेणारी बाळाबाई, तिनं परवा मला बघितलं, हसली, आणि जाऊन तिच्या रांगत उभा राहिली. इचारलं तर म्हणती, अगं नीलम्मा, चंद्रीच्या दुधाला फेसच येगळा. फेस म्हणं! फेस काय पोळीला लावून खाणार हाय?

आणि चंद्री कुणाची? माझी. इचारा मल्लाप्पाला. तिची आई व्याली आणि तिसऱ्या दिवशी गेली. ही वगार एवढीशी, पाय वेगळे वेगळे पडायचे. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री मीच नाव ठेवलं. बाटलीनं दूध पाजलं मी तिला, स्वतःच्या पोरांस्नी पाजलं न्हाय असल्या निगुतीनं. थंडीत माझं जुनं लुगडं तिच्या अंगावर बांधायचो. घरात यायची मागनं मागनं, चुलीपतोर. सासू शिव्या द्यायची. आणि आज मी भिंतीवरनं हाक मारली तर कान हलवत न्हाय. कान! एवढं मोठं कान हायत, हलवायला काय जातंय?

शांभवीकडं गेली म्हंजे वाटणीत गेली. नेली तिनं. … आता, नेली म्हंजे तशी न्हाय. वाटणीत थोरल्याचा हात पहिला असतोय आमच्यात. चार म्हशी हुत्या आणि ही वगार. अमरेश म्हणाला, वैनी, तुमी उचला आधी. मी त्या हरयाणाच्या म्हशीच्या दाव्याला हात घातला, एकटी दिवसाला बारा लिटर द्यायची ती. दुसऱ्या खेपेला रेडी व्यालेली दुसरी घेतली. वगार तवा हाडकुळी, दोन वरसं तरी धार न्हाय, तिला कोण उचलतंय? मीच तिचं दावं शांभवीच्या हातात दिलं. म्हटलं, घे, शिक हिच्यावर. म्हंजे दिलं मीच. पण ते काय ठेवून घेण्यासाठी दिलं व्हय? माणसाला कळाय नको? ती हरयाणाची दुसऱ्या वेताला आटली. आणि ही हाडकुळी बघा आता, काळी कुळकुळीत, चालली तर जमीन दबती. आयत्या बिळावर नागोबा म्हणत्यात ते हेच!

तुमी पाडव्याला हितं असायला पायजे हुतं. कोल्हापूरचा म्हशींचा पाडवा बघितलाय का कधी? शिंगं रंगवायची, मोरपीस बांधायचं, गळ्यात कवड्यांचा पट्टा, पायात चाळ, अंगावर केस भादरून नक्षी. मग मालक मोटरसायकल घिऊन म्होरं, फटफट फटफट, आणि म्हैस मालकाच्या मागनं पळती. कोण दोर वढत न्हाय, कोण मारत न्हाय. हजार माणसं, हलगी, फटाकं, तरी ती आपल्याच गाडीमागनं जाती. कायद्यात बसतंय का न्हाय ते तुमी बघा. बैलाच्या शर्यतीला बंदी आली, उठली, परत नियम आलं, तसं ह्येचंबी कायतरी असंल. मी त्येचीबी तक्रार करणार हुतो— म्हंजे कुणी केली असती तरी पन्नासच रुपयं, कशाला फुकट. तर ह्या वक्ताला अमरेशच्या मागं गाडीवर शांभवी बसली. बाईमाणूस! आमच्या सात पिढ्यांत कोण बसली न्हवती. मी आजवर दारात आरती घिऊन उभा राहिलो. आणि ही मागं तोंड करून बसली उलटी, आणि हाक मारायली— “बारव्वा चंद्रव्वा, बा”— कानडीत, म्हंजे ये गं माय, ये— आमच्या घरात सगळी कानडीच बोलत्यात, पण म्हशीला अशी आईला मारावी तशी हाक कोण मारतंय? आणि ती म्हैस, चार पायांवर वाऱ्यावानी. लोक शिट्ट्या मारायली. पेपरात फोटो आला. माझ्या दारापुढनं गेल्या दोघी. मी आरतीचं ताट धरलेलं. चंद्रीनं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. कुंकू लावाय थांबवली तर मान झटकली, ताट खाली. गल्ली हसली. शांभवी उतरून म्हणाली, “अक्का, राग नका धरू, बावरलीया ती.” माझ्या म्हशीबद्दल मलाच सांगती! जळलं माझं काळीज त्या दिवशी. जळतंय की. का जळू नये? तुमचं जळलं नसतं?

तवा ठरवलं. … काय ठरवलं म्हंजे? तक्रार करायचं. व्हय, मीच केली. कळलंच असंल की तुमास्नी मगाशीच, उगा तोंडाकडं बघत बसलासा. केली, आणि बरं केलं. आता कायद्यानं चंद्री माझ्याकडं येणार. हे बघा, हा खुंटा मोकळा केलाय, खाली माती दाबून घेतली, नवं दावं आणलं. पेंडबी भिजत घातलीया. तुमी तेवढं दावं सोडून हिकडं आणून बांधा, चार पावलांचं काम. कागद काय असंल त्येवर अंगठा न्हवं, सही करतो मी, सातवी शिकलोय.

असं का बघतासा?

कुठं नेणार?

म्हंजे टेंपो तिच्यासाठी आणलाय? मला वाटलं असाच फिरतोय गावातनं. … तपासणी हुईपर्यंत पांजरपोळात. आणि गुन्हा शाबीत झाला तर सरकारजमा. सरकारजमा म्हंजे कुणाच्या गोठ्यात? सरकारला गोठा हाय? अहो, पण मी वाढवलीया तिला. कायद्यात माझं नाव कुठंच न्हाय? ज्येनं तक्रार केली त्येला मिळत न्हाय? मग माणसं तक्रार कशाला करत्यात?

थांबा थांबा, उठू नका. तिथं धार कोण काढणार? नोकर? कसला नोकर, कुठला? ऐका माझं. ती म्हैस परक्या हाताला दूध देत न्हाय. देतच न्हाय. आठ लिटर कासेत भरलं आणि निघालं न्हाय तर दगडी होती तिला, कास दगडासारखी गच्च, हात लावू देणार न्हाय, ताप येणार, सडं मरणार एक एक. मी बघितल्यात तसल्या म्हशी, उभ्या उभ्या वरडत्यात. तुमच्या कायद्यात लिवलंय न्हवं जनावराला तरास हुऊ नये? मग हा तरास कोण देणार? तुमीच की! आणि पांजरपोळात तिला बरं वाटावं म्हणून काय करणार, सुई टोचणार?

मी कशावरनं सांगतो? मला ठावं हाय म्हणून सांगतो. नागपंचमीला शांभवी माहेरला गेलती. अमरेश आला भिंतीपाशी, म्हणाला, वैनी, चंद्रीची धार काढशीला का दोन दिवस? मला किती आनंद झाला सांगू. पाडव्यागत न्हाऊन गेलो मी. बादली घासली, नवी चोळी घातली, हसू नका. गेलो, गळ्याखाली खाजवलं, म्हटलं चंद्रे, आली गं तुझी आई. कास धुतली. अर्धा तास बसलो. काय न्हाय. रस्त्याकडं तोंड करून उभी, नाक वर करून वास घ्यायली. पेंड शिवंना. संध्याकाळला कास टम्म, सडाला हात लावला की लाथ. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरेश रडकुंडीला आला. त्येनं काय केलं ठावं हाय? शांभवीला फोन लावला, स्पीकर केला आणि म्हशीच्या कानाला धरला. खुळ्यावानी. मी म्हटलं, अरे म्हसोबा, म्हशीला फोन कळतोय व्हय? तर तिकडनं आवाज आला. “बारव्वा… चंद्रव्वा…” आणि ह्या म्हशीनं डोळं मिटलं. आणि सोडला पान्हा. हात माझा हुता सडाला! माझ्या मुठीत आलं दूध, धो धो, बादली भरली. पण माझ्यासाठी न्हवं. त्या फोनसाठी. मी तशीच काढत बसलो, डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी. अमरेशला म्हटलं धूर लागलाय. गोठ्यात कुठला धूर?

कुणाला सांगितलं न्हाय मी हे. शांभवीला तर न्हाईच न्हाई.

तर सुई न्हाय, साहेब. लिवून घ्या. सुई न्हाय, बाटली न्हाय, काय न्हाय. मी कवा बघितली न्हाय. ह्या भिंतीवरनं रोज संध्याकाळला बघतो मी, व्हय, बघतो, रोज बघतो, आणि एकदाबी सुई दिसली न्हाय. हात हाय तिचा. मीच शिकवलेला हात, पण आता माझ्या हातापेक्षा चांगला हाय. हे तोंडातनं काढाय किती जड जातंय तुमास्नी कळायचं न्हाय. माझी तक्रार खोटी हाय. माझ्यावर काय घालायचं ते घाला, पन्नास रुपयं घाला, न्हायतर आत टाका. तो टेंपो तेवढा रिकामा घेऊन जावा. तपासायचं ते हितंच तपासा की. रगत घ्या, दूध घ्या. का कुणाचं ऐकायचं ते ठरवायला तुमच्या कायद्याला कागदच लागतोय?

आली. ती बघा, कडी वाजली तिकडची. वाकू नका एवढं, दिसशीला. हिकडनं बघा, हिकडनं, ह्या इटंच्या फटीतनं. ती पदर खोचायली. बादली अजून हातातच हाय, बसली न्हाय. बोलली का? न्हाय, नुस्ता पायातल्या जोडव्यांचा आवाज झाला. आता कासंकडं बघा. कासंकडं ओ, बाईकडं काय बघता! दिसलं? चारी सडातनं टिपकायलंय. खाली शेणावर थेंब पडायल्यात. हात लावला न्हाय अजून कुणी. … बघितलासा? सुई बघितलासा कुठं?

बघा तुमी. मी लई बघितलंय.

—कोण न्हाय गं शांभवी! पावणं हायत, वाट चुकल्यात. व्हय, चाललंच की आता. न्हाय न्हाय, तू उठू नगंस, तू धार काढ, चंद्री खोळंबलीया.

जावा. जावा म्हणतो न्हवं.